बिनदाखल्याची मुले

१९७७ च्या सप्टेंबरातील एका सकाळी सहाच्या सुमारास, म्हणजे ज्या प्रहरी न्यायमंदिरांच्या दारांना सर्वत्र कुलपेच असतात अशा प्रहरी, अमेरिकेतील टेक्सस राज्याच्या टायलर या गावी एका न्यायाधीशाने आपले कोर्ट उघडले. टायलर हे गाव गुलाबांच्या लागवडीसाठी त्या देशात प्रसिद्ध आहे. आणि मेक्सिकोहून येऊन तेथे मोलमजुरी करणाऱ्या चार कुटुंबांनी गावच्या शाळाखात्याविरुद्ध फिर्याद गुदरली होती. या कुटुंबांजवळ त्या देशात राहण्याचा परवाना नव्हता. दिवसाढवळ्या कोर्टाची पायरी चढणे म्हणजे आपल्याच पावलांनी कैदेत जाणे ठरले असते, म्हणून ती आडवेळ मुक्रर झाली. आणि सोळा मुलांची नावे जगजाहीर होऊ नयेत म्हणून कागदोपत्री त्यांना 'डो' हे, आपल्याकडील अमुकतमुक या शब्दासारखे, कोणाचेही नसलेले नाव देण्यात आले. न्याय मागावयास गेलेल्यांना सायंकाळी सरहद्दीपलीकडे नेऊन सोडले जाण्याचा संभव होता. तो ध्यानी घेऊन त्यांतील काही जण सामानसुमान मोटारीत भरूनच कोर्टात आल्याची हकिगत त्या दिवसाविषयी नमूद आहे. आपल्या मुलाला बाकावर बसता यावे एवढ्यासाठी जो मजूर आपला सगळा संसार मोटारीत भरून न्यायाधीशापुढे उभा राहतो, त्याच्या मनात विद्येचे मोल काय असेल याचा विचार विद्या ज्यांना आयती मिळाली अशा आपल्यासारख्यांनी थोडा वेळ थांबून करावा.

त्यांची तक्रार साधी होती. टेक्ससच्या विधिमंडळाने १९७५ साली असा कायदा केला होता की, ज्या मुलांचा देशातील प्रवेश कायदेशीर नाही त्यांच्या शिक्षणासाठी राज्याच्या तिजोरीतून पैसा मिळणार नाही आणि स्थानिक शाळांना अशा मुलांना प्रवेश नाकारण्याची मुभा राहील. टायलरच्या शाळाखात्याने पुढे या मुलांवर माणशी वर्षाला १००० डॉलरांची फी बसविली. जेथे इतर सर्व मुले विनामूल्य शिकत होती तेथे रोजंदारीवर जगणाऱ्या घरातील तीनचार भावंडांवर अशी फी बसविणे हा प्रवेश नाकारण्याचाच, थोडा सभ्य दिसणारा, प्रकार होता.

या खटल्याची कायदेशीर बाजू विधिज्ञांनी पुष्कळ उलगडली आहे. मला तो ज्या प्रश्नासाठी महत्त्वाचा वाटतो, तो प्रश्न सर्व कायद्यांहून जुना आहे. एकाच्या कृत्याचे फळ दुसऱ्याने भोगावे काय? परवान्याविना सरहद्द ओलांडणे हा अपराध आहे असे आपण येथे धरून चालू; भुकेने केलेला अपराध आणि लोभाने केलेला अपराध यांत भेद करावा की नाही, हा वाद तूर्त तहकूब ठेवू. पण अपराध कोणाचा? ओलांडणाऱ्याचा की त्याच्या कडेवर असलेल्याचा?

आपल्याकडे लहानपणी प्रत्येकाने वाल्या कोळ्याची गोष्ट ऐकलेली असते. नारदाच्या सांगण्यावरून वाल्या घरी जातो आणि बायकोमुलांना विचारतो की, तुमच्यासाठी मी जे पाप केले त्याचे वाटेकरी तुम्ही व्हाल काय. आणि ती सरळ नाही म्हणतात. कीर्तनकार हा प्रसंग संसाराचे फोलपण दाखविण्यासाठी रंगवितात आणि श्रोत्यांना त्या कुटुंबाचा थोडा रागही येतो. परंतु त्या नकारामध्ये एक नीतितत्त्व दडलेले आहे, आणि आपण त्याकडे सहसा पाहत नाही. ज्या अन्नावर आपला पिंड पोसला ते कोठून आले हे ज्यांना माहीत नव्हते, त्यांना तो वाटा नाकारण्याचा अधिकार होता, आणि आख्यायिकेतील कोणीही, प्रत्यक्ष नारदानेही, तो अमान्य केला नाही. टेक्ससच्या कायद्याने मुलांना काही विचारलेच नाही. कृत्य घडले तेव्हा ज्यांना बोलताही येत नव्हते, त्यांच्या नावावर त्याने बापाच्या अपराधाचा पुरा हिस्सा चढविला.

येथे कर्मसिद्धांताचा अभिमान बाळगणारा कोणी म्हणेल की, अमुक घरी जन्म येणे हेच त्या जीवाच्या पूर्वसंचिताचे फळ आहे, तेव्हा त्यात अन्याय तो कोठला? या युक्तिवादाने आपल्या देशात शतकानुशतके फार मोठा अनर्थ केला आहे, म्हणून त्याला येथे उत्तर देणे मला अवश्य वाटते. पूर्वसंचित असेलच तर ते जाणणारा कोणी मनुष्य नाही. आणि जे कोणाला दिसत नाही त्याच्या आधारे शिक्षा सुनावण्याचा अधिकार कोणत्याही पंचायतीला, कचेरीला वा सरकारला पोहोचत नाही. कर्मविपाकाची अंमलबजावणी करण्याचे वतन कोणाच्याही नावे लिहून दिलेले नाही. प्रत्येकाने आपल्या कर्माचे फळ भोगावे हा जर सिद्धांत असेल, तर त्याचा पहिला निष्कर्ष असा निघतो की, बापाचे कर्म मुलाच्या खाती लिहिता येणार नाही. यहुदी धर्मग्रंथांतील संदेष्ट्यांनीही पित्याच्या अपराधाचा भार पुत्राने वाहू नये असे निक्षून सांगितले आहे. आणि ज्या राज्यात तो ग्रंथ घरोघरी आहे त्याच राज्यात हा कायदा झाला, याचे दुःख तेथील अनेक धर्मशील माणसांना त्या काळीही झाले.

परंतु मराठी माणसाला या प्रश्नासाठी इतक्या दूर जाण्याचे कारण नाही. आपल्या भाषेच्या उंबरठ्यावरच तो उभा आहे. परंपरा असे सांगते की, आपेगावच्या विठ्ठलपंतांनी संन्यास घेतला, गुरूच्या आज्ञेने पुन्हा गृहस्थाश्रम स्वीकारला, आणि त्यानंतर झालेल्या चार अपत्यांना संन्याशाची पोरे ठरवून आळंदीच्या ब्रह्मवृंदाने त्यांची मुंज नाकारली. मुंज नाकारणे म्हणजे, त्या काळाच्या भाषेत, शाळेचे दार बंद करणे. मातापित्यांनी देहान्त प्रायश्चित्त घेतले, तरी मुलांचे बंद दार उघडले नाही. त्यांनी पैठणला जाऊन शुद्धिपत्र आणावे असे सांगण्यात आले. म्हणजे त्याही मुलांपाशी काय नव्हते, तर एक कागद. त्यांनी काही अशुद्ध केले होते असा कोणाचाही आरोप नव्हता. त्यांच्या जन्माची नोंद शास्त्राच्या वहीत कोणत्या रकान्यात करावी हे पंडितांना उमगत नव्हते, आणि स्वतःच्या वहीची ही उणीव त्यांनी चार अनाथ बालकांच्या माथी मारली.

पुढची कथा सर्वांना ठाऊक आहे. रेड्याच्या मुखातून वेद वदविल्यावर पैठणची विद्वत्सभा नमली, असे परंपरा मानते. आणि शके १२१२ मध्ये त्या बिनदाखल्याच्या मुलांपैकी एकाने नेवासे येथे जो ग्रंथ पुरा केला त्याच्या आधाराने मराठी भाषा आजतागायत उभी आहे. ही कथा सांगताना आपला कंठ दाटून येतो. परंतु गेली काही वर्षे हे दाटून येणे मला थोडे संशयास्पद वाटू लागले आहे. ज्ञानदेव ज्ञानदेव झाले म्हणून आपण आळंदीकरांना दोष देतो. ती चार भावंडे सामान्य बुद्धीची निघाली असती, त्यांच्या हातून कोणताही चमत्कार न घडता आणि कोणताही ग्रंथ न होता ती कोठेतरी भिक्षा मागत जगली असती, तर त्यांच्यावर झालेला अन्याय कमी ठरला असता काय? जे दुसऱ्या प्रत्येक बटूला आठव्या वर्षी निमूटपणे मिळत होते ते मिळविण्यासाठी या मुलांना रेडा बोलवावा लागला, हीच त्या कथेतील खरी लाजिरवाणी गोष्ट आहे. आणि आपण मात्र चमत्काराच्या तेजाने दिपून तिच्याकडे पाहत नाही.

अमेरिकेतील या मुलांच्या कैवाराने जे बोलले व लिहिले जाते त्यातही हाच दोष मला वारंवार आढळतो. परवाना नसलेल्या मुलाची कहाणी सांगावयाची म्हणजे तो शाळेत पहिला आलेला, विज्ञानाच्या स्पर्धेत बक्षीस मिळविलेला, भावी डॉक्टर असलाच पाहिजे, असा जणू शिरस्ता पडला आहे. अशी मुले आहेत, आणि त्यांचे कौतुक रास्तच आहे. परंतु गणितात कसाबसा उत्तीर्ण होणारा, वर्गात मागच्या बाकावर झोपा काढणारा, पुढे वडिलांप्रमाणेच छपरे शाकारण्याच्या कामाला जाणारा जो मुलगा, त्याचाही शाळेवरील हक्क तंतोतंत तेवढाच आहे. हक्क जर गुणवत्तेने मिळत असेल तर तो हक्क राहत नाही, ते बक्षीस होते. आणि सहा वर्षांच्या मुलाला अक्षरओळख ही बक्षीस म्हणून देण्याची कल्पना ज्या समाजाला सुचते त्याने विद्यादान या शब्दाचा उच्चार करू नये.

टायलरचा खटला पाच वर्षे चालला. खालच्या कोर्टात न्यायाधीश विल्यम वेन जस्टिस यांनी मुलांच्या बाजूने निकाल दिला, आणि १५ जून १९८२ रोजी, पाचास चार अशा केवळ एका मताच्या आधिक्याने, सर्वोच्च न्यायालयाने तो कायम केला. शाळाखात्याचे प्रमुख जेम्स प्लायलर यांच्या नावावरून तो 'प्लायलर विरुद्ध डो' या नावाने ओळखला जातो. बहुमताचा निकाल न्यायमूर्ती ब्रेनन यांनी लिहिला. त्यातील दोन गोष्टी तत्त्वविचाराच्या दृष्टीने मोलाच्या आहेत. पहिली अशी की, अमेरिकी संविधानात १८६८ साली जी चौदावी दुरुस्ती झाली तिने कायद्याचे समान संरक्षण 'नागरिका'ला दिलेले नाही, 'व्यक्ती'ला दिले आहे. टेक्ससचे म्हणणे असे पडले की, परवान्याविना आलेला मनुष्य राज्याच्या अधिकारकक्षेतील व्यक्तीच नव्हे; आणि हे म्हणणे, विरोधी मत देणाऱ्या चौघांसह, एकाही न्यायमूर्तीने मान्य केले नाही. ज्याला कायदा पकडू शकतो, ज्याच्याकडून कर घेऊ शकतो, त्याला संरक्षण देण्याची वेळ आली की तो येथे नाहीच असे म्हणता येत नाही, हा त्याचा आशय. दुसरी गोष्ट अशी की, न्यायालयाने आधार घेतला तो विवाहबाह्य संततीविषयीच्या पूर्वीच्या निकालांचा. मातापित्यांच्या वर्तनाबद्दल अपत्याला दंड करणे न्यायाच्या मूळ कल्पनेशी विसंगत आहे, हे तत्त्व १९७२ साली त्याच न्यायालयाने अनौरस मुलांच्या बाबतीत मांडले होते. वॉशिंग्टनच्या न्यायमूर्तींना आळंदीची कथा ठाऊक असण्याचे कारण नाही. पण सरहद्दीवरून आलेल्या मुलांचा विचार करताना त्यांनाही आठवण झाली ती जन्मावरून दूर लोटलेल्या मुलांचीच.

विरोधी मताचाही येथे आदराने उल्लेख केला पाहिजे. मुख्य न्यायमूर्ती बर्गर यांनी मोकळेपणाने मान्य केले की, कोणत्याही मुलाला प्राथमिक शिक्षणापासून वंचित ठेवणे प्रबुद्ध समाजाला शोभणारे नाही. परंतु शहाणपणाचे धोरण ठरविणे हे विधिमंडळाचे काम आहे, न्यायालयाचे नव्हे, असे त्यांचे म्हणणे होते. हा मतभेद अधिकाराच्या वाटणीचा होता. मुलाला शाळेबाहेर ठेवणे चांगले आहे असे नऊपैकी एकानेही म्हटले नाही.

'नागरिक' आणि 'व्यक्ती' यांतील हा भेद आपल्या संविधानाच्या कर्त्यांनी व पुढे दुरुस्ती करणाऱ्यांनीही जाणीवपूर्वक पाळलेला दिसतो. भाषणाचे व संचाराचे स्वातंत्र्य नागरिकांना दिले आहे. पण २००२ च्या दुरुस्तीने आलेले २१-अ हे कलम सहा ते चौदा वर्षांच्या 'सर्व मुलां'विषयी बोलते, आणि २००९ चा शिक्षणहक्काचा कायदा वयाचा दाखला नाही एवढ्या कारणास्तव कोणालाही प्रवेश नाकारू देत नाही.

आता दुसरी बाजू. राज्याला आपल्या सरहद्दीचे रक्षण करण्याचा हक्क आहे, हे मी मानतो. ज्या घराला दार नाही ते घरच नव्हे. परंतु या विषयावर मला सर्वांत अधिक अस्वस्थ करणारा आक्षेप राज्यशास्त्राच्या पुस्तकातला नाही. तो अमेरिकेत राहणाऱ्या आपल्याच लोकांकडून येतो. न्यू जर्सीत, कॅलिफोर्नियात आणि खुद्द टेक्ससमध्ये अशी असंख्य मराठी कुटुंबे आहेत की ज्यांनी प्रत्येक कागद वेळेवर दाखल केला, प्रत्येक फी भरली, जी प्रत्येक मुलाखतीस इस्त्रीचे कपडे घालून हजर झाली, आणि तरीही कायम वास्तव्याचा परवाना कोणत्याही एका देशाच्या लोकांना शेकडा सातांहून अधिक द्यावयाचा नाही या नियमामुळे दशकानुदशके रांगेत उभी आहेत. ही माणसे म्हणतात, आम्ही रांगेत उभे राहिलो, मग रांग मोडणाऱ्यांच्या मुलांसाठी शाळेने विशेष आस्था का बाळगावी? या म्हणण्यातील वेदना खरी आहे, आणि तिला स्वार्थ म्हणून हिणविणाऱ्यांच्या पंक्तीस मी बसणार नाही.

तथापि त्यांना मी एवढेच विचारीन की, त्यांच्या स्वतःच्या घरात काय घडत आहे? बापाच्या परवान्यावर दोन वर्षांची असताना आलेली मुलगी, जिची सारी शाळा तेथे झाली, जिला आजीशी मराठीत बोलताना अडखळायला होते, ती एकवीस वर्षांची होताच बापाच्या अर्जावरून गळून पडते, आणि दुसरा परवाना मिळाला नाही तर जो देश तिने फक्त सुट्टीत पाहिला आहे तेथे तिला 'परत' जावे लागते. तिने कोणता नियम मोडला? तिच्या बापाने तरी कोणता मोडला? कोणाच्याही अपराधाविना तिला जे भोगावे लागते त्याच्या मुळाशी तेच तत्त्व आहे, की मूल ही स्वतंत्र व्यक्ती नसून बापाच्या कागदाला जोडलेले पुरवणीपत्र आहे. रांगेत उभा असलेला बाप आणि रांग न सापडलेला बाप यांत कायद्याने जरूर भेद करावा; त्यांच्या मुलींमध्ये करावयास मला आधार दिसत नाही. आणि रांगेविषयी एक गोष्ट विसरता कामा नये, ती ही की, टायलरच्या मळ्यात राबणाऱ्या अशिक्षित मजुरासाठी तशी रांग जवळपास अस्तित्वातच नव्हती.

ज्याला या मुलांचे पाठीराखे व्हावयाचे आहे त्या शिक्षकाने प्रत्यक्षात काय करावे, याचा विचार करू लागलो की मला छांदोग्य उपनिषदातील सत्यकामाची आठवण होते. गौतम ऋषीकडे तो विद्येसाठी गेला तेव्हा ऋषीने त्याचे गोत्र विचारले, म्हणजे त्या काळचा दाखला मागितला. आईने सांगितले ते सत्यकामाने जसेच्या तसे सांगितले, की तारुण्यात अनेकांच्या घरी सेवा करीत असता हा मुलगा झाला, त्याचे गोत्र तिला ठाऊक नाही, त्याने तिचेच नाव लावावे. आणि ऋषीने त्या सत्यावर प्रसन्न होऊन त्याला शिष्य केले. ऋषीने त्या सत्याचाही अर्थ ब्राह्मण्याच्या मापानेच लावला, हे आजच्या वाचकाला खटकते आणि खटकावेही. परंतु माझे लक्ष दुसरीकडे आहे. सत्यकामाला सत्याने दार उघडले. टायलरच्या मुलाला तेच सत्य घराबाहेर काढू शकते. ज्या सद्गुणाची शिकवण शाळेने द्यावयाची, तो सद्गुण शाळेच्या कचेरीतच आपल्या आईबापांना पकडून देईल असे भय ज्या मुलाला वाटते, त्याला आपण सत्य बोल असे कोणत्या तोंडाने सांगणार? म्हणून अशा शाळेचा पहिला धर्म मला असा वाटतो की, तिने विचारू नये. न विचारणे ही येथे टाळाटाळ नाही, ते एक नैतिक कृत्य आहे. मुलाला खोटे बोलण्याच्या संकटात न घालण्याचे ते कृत्य आहे.

अमेरिकेतील पुष्कळ शाळांनी हे व्रत शांतपणे पाळले आहे. मुलगा या गावात राहतो याचा पुरावा म्हणून विजेचे बिल किंवा भाडेपावती चालते. लशी टोचल्याचा कागद लागतो. पण सामाजिक सुरक्षा क्रमांक प्रवेशाची अट म्हणून मागता येत नाही, आणि वास्तव्याच्या परवान्याची चौकशी करून कुटुंबांना घाबरवू नये असे तेथील केंद्र सरकारच्या शिक्षण व न्याय खात्यांनी २०११ साली व पुन्हा २०१४ साली शाळांना लेखी कळविले. विद्यार्थ्याची कागदपत्रे पालकांच्या संमतीविना बाहेर देण्यास १९७४ च्या कायद्याने सामान्यतः मनाई आहे. दुपारचे जेवणही परवाना पाहून वाढले जात नाही. या गोष्टी लहान दिसतात. पण कारकुनाच्या टेबलावरील एका छापील नमुन्यात एक रकाना कमी असणे याचा अर्थ एखाद्या आईच्या दृष्टीने काय असतो, हे त्या टेबलासमोर उभे राहिल्यावाचून कळणार नाही.

एक उदाहरण सांगतो. होसे आंतोनियो वार्गास हा बारा वर्षांचा मुलगा १९९३ साली फिलिपिन्समधून कॅलिफोर्नियात आजीआजोबांकडे पाठविला गेला. आपला परवाना बनावट आहे हे त्याला सोळाव्या वर्षी, वाहनपरवाना काढावयास गेला असता, खिडकीमागील बाईकडून कळले. पुढे शाळेच्या गायनवृंदाने जपानचा दौरा करण्याचे ठरू लागले तेव्हा त्याने आपल्या शिक्षिकेला विश्वासात घेऊन सांगितले की, मला देशाबाहेर जाता येणार नाही. त्या बाईंनी फार काही बोलून दाखविले नाही. दौरा जपानऐवजी हवाईला नेला, आणि सारा वृंद तिकडे गेला. पुढे तो नामांकित पत्रकार झाला, २००८ साली पुलित्झर पारितोषिकाचा एक मानकरी ठरला, आणि २०११ साली त्याने आपली स्थिती स्वतःच जाहीर केली. परंतु ज्या दिवशी त्या शिक्षिकेने नकाशावरील ठिकाण बदलले त्या दिवशी तो मानकरी नव्हता. वृंदात उभा राहून गाणारा एक मुलगा होता, आणि तेवढे कारण तिला पुरले. एका मुलाला मागे न ठेवण्यासाठी सगळा वर्ग वाट बदलतो, याहून अधिक धार्मिक असे काही शाळेत घडू शकते असे मला वाटत नाही.

अशा वेळी आपल्याकडे अतिथिधर्माचा दाखला देण्याची रीत आहे. तो दाखला सुंदर आहे, पण येथे मला अपुरा वाटतो. अतिथी म्हणजे जो तिथी न ठरवता येतो, आणि एकदोन दिवस राहून जातो. त्याला आपण पाट मांडून देतो, पण घराच्या पटावर त्याचे नाव घालीत नाही. हे मूल जाण्यासाठी आलेले नसते. त्याची भाषा, त्याचे सवंगडी, त्याची आठवण तेथलीच घडत असते. त्याच्याशी यजमानपणे वागणे म्हणजे तू परका आहेस हे त्याला रोज गोड शब्दांत सांगणे होय. शाळेने त्याला पाहुणा समजू नये, आपला विद्यार्थी समजावे. दयेला मर्यादा असतात आणि ती थकते, विद्यार्थ्याचा हक्क थकत नाही.

ज्या मेक्सिकोतून ही मुले आली त्या देशाचे महाराष्ट्रावर एक ऋण आहे, ते या प्रसंगी सांगितले पाहिजे. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे गदर चळवळीत पडले, इंग्रज सरकारच्या रोषामुळे त्यांना मायदेशाची दारे बंद झाली, आणि देशोदेशी भटकून १९२०च्या दशकात ते मेक्सिकोला पोहोचले. त्या देशाने त्यांना चापिंगोच्या कृषिविद्यालयात अध्यापक केले. त्यांनी तेथील शेतकऱ्यांसाठी विनामूल्य शेतकीशाळा काढल्या. आणि दिएगो रिवेराने मेक्सिकोच्या शिक्षणखात्याच्या भिंतीवर जी चित्रे काढली त्यांत एका मेजाशी भाकरी वाटणाऱ्या पुरुषाच्या रूपाने या वैदर्भीय माणसाला चितारले. स्वतःच्या मुलखात पाऊल ठेवण्यास ज्याला बंदी होती त्या मराठी माणसाने मेक्सिकोच्या रयतेला शिकविले. त्या रयतेच्या नातवंडांना शाळा असावी की नसावी या प्रश्नात आपण त्रयस्थ राहू शकत नाही.

आणि आपल्या घरातला आणखी एक पुरावा आहे. महाराष्ट्रातील मागच्या दोनतीन पिढ्यांतील असंख्य माणसांच्या दाखल्यावर जन्मतारीख १ जून अशी आहे. माझ्या वडिलांच्या दाखल्यावरही ती आहे. ती सारी माणसे एकाच दिवशी जन्मली नव्हती. खेड्यात जन्माची नोंद झालेली नसे. आई सांगे, मोठा पूर आला त्या साली, किंवा पेरणीच्या सुमारास. आणि जूनमध्ये शाळा उघडली की गुरुजी मुलाकडे एकवार पाहून, अंदाजाने वर्ष धरून, १ जून ही तारीख लिहीत आणि त्याला पटावर घेत. दाखला आणल्यावाचून प्रवेश नाही असे म्हणण्याची त्यांना पूर्ण सोय होती. त्यांनी मुलगा आधी आत घेतला आणि कागद मागाहून केला. त्या एका ओळीवर पुढे लोकांनी नोकऱ्या केल्या, निवृत्तिवेतने घेतली, आणि त्यांच्या नातवंडांनी त्याच दाखल्यांच्या आधारे पारपत्रे काढून समुद्र ओलांडले.

१९८२ चा निकाल आज पुन्हा संकटात आहे. शाळा, रुग्णालये व प्रार्थनामंदिरे यांच्या आवारात धरपकड करू नये असा जो दंडक २०११ पासून होता तो जानेवारी २०२५ मध्ये मागे घेण्यात आला, आणि त्याच वर्षी टेनेसी राज्याच्या सिनेटने परवाना नसलेल्या मुलांना प्रवेश नाकारण्याची मुभा शाळांना देणारे विधेयक संमत केले. ज्या प्लायलर यांच्या नावाने तो खटला ओळखला जातो त्यांनी मात्र उतारवयात सांगितले होते की, आपण तो खटला हरलो याचा आपल्याला आनंद आहे. आणि ज्या सोळा मुलांसाठी तो लढला गेला त्यांतील बरीचशी टायलरच्याच शाळांतून शिकून बाहेर पडली व पुढे कायद्याने तेथली झाली. अमेरिकेत आता आपल्या लोकांना मताचा अधिकार आहे, काही जण तेथे शिक्षक आहेत, काही शाळामंडळांवर निवडून आले आहेत. त्यांना माझी विनंती आहे की, हा प्रश्न त्यांच्या गावी येईल त्या दिवशी त्यांनी घरातील जुन्या पेटीतून आजोबांचा शाळेचा दाखला काढावा, त्यावरील तारीख वाचावी, आणि मग आपले मत द्यावे.